पिक्चर रात्रीचा, दमछाक पहाटेपासून

«मावशी, नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत राहतो, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. सुट्टी शनिवारची. घरी बायको, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई, वय एकाहत्तर. मुलगा दोन वर्षांपासून एका सुपरहिरोच्या पिक्चरची वाट बघतोय. तारीख पुढे ढकलली तेव्हा त्या रात्री जेवला नव्हता. आता येत्या शुक्रवारी लागतोय. मी ठरवलं, शनिवार असा करायचा की पोरांनी जन्मभर नाव काढलं पाहिजे. एक्सेलमध्ये सगळं मांडलं: पहाटे साडेचारला उठणे, त्र्यंबकला दर्शन, येताना अंजनेरी, मग मिसळ, पांडवलेणी, दुपारी काळाराम आणि सीता गुंफा, सोमेश्वर, गंगापूर धरणावर सूर्यास्त, कॉलेज रोडला जेवण आणि सव्वादहाचा शो. हिंदीतला, थ्रीडी. हिंदी म्हणजे आईलाही कळेल. प्रिंट काढून फ्रिजवर लावली. मुलाने वाचली आणि म्हणाला, ‘बाबा, आपण नुसते पिक्चरला जाऊ ना.’ बायको हसली. मला फार लागलं. माझ्या वडिलांनी मला एकदाच पिक्चरला नेलं होतं, तेही रात्रपाळी होती म्हणून इंटरव्हलला उठवून घरी आणलं. मी एवढं करतोय तर कुणाला किंमत नाही. माझं चुकतंय कुठे? की हल्लीची मुलंच अशी? — एक बाबा, सिडको»

अहो बाबा,

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला तुम्ही चाळीस मिनिटं धरली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत, शनिवारी, त्र्यंबकला, चाळीस मिनिटं! कंपनीत एखाद्या पोराने असा आकडा आणून दिला असता तर तुम्ही तो परत पाठवला असता. अंजनेरी तर ‘येताना’ होत नसतेच. तो डोंगर आहे, चढायला आणि उतरायला अर्धा दिवस मागतो. आणि सोमेश्वरचा धबधबा मे महिन्यात बघायचा म्हणजे खडक बघायचे. पावसाळ्यात न्या, पोरं खूश होतील.

पण खरी गडबड शेवटच्या ओळीत आहे. साडेचारला उठलेला मुलगा सव्वादहाला खुर्चीत बसणार, म्हणजे पावणेअठरा तास जागा. त्यानंतर जाहिराती, ट्रेलर, इंटरव्हल धरून घरी पोचेपर्यंत एक वाजून जाणार. ज्या गोष्टीसाठी त्याने दोन वर्षं काढली, ती तुम्ही त्याला दिवसभराचा शिणवटा, ऊन आणि पोटातली मिसळ यांच्या तळाशी घालून देताय.

हे मी अनुभवाने सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही असाच एक दिवस आखला होता. एक्सेल नव्हतं, वहीचं मागचं पान होतं. सकाळी सप्तशृंगीला, परतीला वणीत जेवण, दुपारी नणंदेकडे वाढदिवस आणि रात्री मुलांच्या आवडीचा पिक्चर. मुलांना झोप लागेल म्हणून मी वाटेत दोनदा कॉफी पाजली. झोप लागली ती मला. नुसती झोप नाही, मी घोरले. मागच्या रांगेतले लोक हिरोवर हसायचे सोडून माझ्यावर हसत होते. लेकीने अजून माफ केलेलं नाही. आता तिची मुलगी मला सांगते, «आजी, पिक्चर लावू की झोपणार आहेस?»

तेव्हा मुलगा जे म्हणाला ते मला उद्धट वाटत नाही. तो तुमच्याकडे कमी मागतोय. एखादा आजारी माणूस ‘नुसता वरणभात द्या’ म्हणतो आणि आपण त्याच्यापुढे पंचपक्वान्नांचं ताट ठेवून वर रुसून बसतो, त्यातलाच हा प्रकार. बायको हसली कारण तिला तो तक्ता फ्रिजवर लागला तेव्हाच कळलं होतं की डबे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि मुलीचे जादा कपडे हे सगळं त्यातल्या कुठल्याच रकान्यात नाही. म्हणजे ते तिच्याकडे आहे.

आता मी काय करीन ते सांगते. तुम्ही सिडकोत राहता. पांडवलेणी तुमच्या घरापासून पाथर्डी फाट्याला वळलं की आली. पिक्चर उंटवाडीच्या मॉलमध्ये बघायचा असेल तर तोही शेजारीच. तुमचा सगळा दिवस दहा किलोमीटरच्या आत बसतो, उगाच तीस किलोमीटर लांब त्र्यंबकला कशाला जाताय? देव कुठे जात नाही. एखाद्या साध्या मंगळवारी तुम्ही दोघं जाऊन या, आईंना घेऊन.

तर सकाळी एकच गोष्ट: पांडवलेणी. उन्हं तापायच्या आत चढायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. चोवीस लेणी आहेत, पण चोवीस बघायची नाहीत. तिसऱ्या लेण्यासमोर थांबा आणि तिथेच बसा. मी एवढा हट्ट धरतेय त्याला कारण आहे.

त्या लेण्याचा पुढचा भाग सहा दणकट यक्षांनी खांद्यावर तोलून धरलाय. जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेत आणि अख्खा डोंगर उचलतायत असं वाटतं. हे मुलीला दाखवा. एकेकाचा चेहरा बघून कोण जास्त वैतागलाय ते तिला ठरवू द्या. मग मुलाला व्हरांड्यात घेऊन जा. भिंतीवर ब्राह्मी अक्षरांतला लांबलचक प्राकृत लेख आहे. गौतमी बलश्री नावाच्या बाईने तो कोरवून घेतला, सुमारे १९०० वर्षांपूर्वी, नातू पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी. ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. म्हणजे आजी. लेणं तिने भिक्षूंना दान दिलं आणि ते देता देता आपल्या गेलेल्या मुलाची गोष्ट दगडावर लिहून ठेवली. मुलगा म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

आता ती काय म्हणते ऐका. माझ्या मुलाच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. त्याने शक, यवन, पह्लवांचा नाश केला. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा. सुपरहिरोच्या पोस्टरवर यापेक्षा जास्त काय लिहितात? चार जुने हिरो एका ओळीत उभे केले आणि आपला पोरगा त्यांच्या शेजारी. तुमचा मुलगा मित्रांशी ‘कोण कोणाला हरवेल’ यावर जे वाद घालतो ना, त्याची ही आपल्या गावातली सर्वांत जुनी वही.

आणि पुढे गंमत आहे. त्याच लेखात ती सांगते की त्याने क्षहरात हे शत्रूचं राजघराणं निःशेष केलं. आणि तीच हेही सांगते की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती. या दोन ओळी एका भिंतीवर कशा? हा प्रश्न मुलाला विचारा आणि गप्प बसा. हिरोने खलनायकाला मारावं की सोडावं, यावर तेरा वर्षांच्या मुलाकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त विचार केलेला असतो. खलनायकही तिथेच आहे. क्षहरात राजा नहपान, त्याच्या जावयाचे, उषवदाताचे, लेख दहाव्या लेण्यात आहेत. हिरो आणि खलनायक एकाच डोंगरात, सात दारं सोडून. मुलाला हवं असेल तर दहावं बघा, नाहीतर राहू द्या.

एक गोष्ट उतरताना सांगण्यासाठी राखून ठेवा. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगळटेंभीला, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांच्या वर नाणी. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्राने आपला छाप मारलाय. नाणी वितळवली नाहीत, फेकली नाहीत. शत्रूच्या तोंडावर शिक्का ठोकून ती परत बाजारात सोडली. हे ऐकून तुमचा मुलगा पायरीवर थांबला नाही तर मला कळवा.

आईंना पायऱ्या चढवू नका. त्यांना उतरल्यावर मिसळीला बोलवा. आणि हो, आईंना विचारलंत का? पत्रात ‘आईला कळेल’ आहे, ‘आईला यायचंय’ कुठेच नाही. एकाहत्तराव्या वर्षी अडीच तास थंडगार अंधारात बसायचं की घरी पंख्याखाली पाय पसरून मालिका बघायची, हे त्यांना ठरवू द्या. मला मात्र वाटतं त्या येतील. कारण या असल्या गोष्टी तुमच्यापेक्षा त्यांना लवकर कळतात. लहानपणी सूर्याला फळ समजून त्याच्यावर झेप घेणारं, वज्राचा तडाखा हनुवटीवर खाल्लेलं, अंगात अफाट बळ असून ते विसरून गेलेलं आणि समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून दिल्यावर उडालेलं पोर त्यांनी कीर्तनात शंभरदा ऐकलंय. त्याचं जन्मस्थान म्हणून ज्या अंजनेरीला लोक हात जोडतात, ती तुम्ही ‘येताना’ उरकणार होतात.

शिवाय पडद्यावर उडणारी माणसं ही नाशिककराला काही परकी नाहीत. त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली मुंबईत पहिला चित्रपट दाखवून नाशिकला येऊन राहिले. १९१७ च्या त्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने रामही केला आणि सीताही. त्यात मारुती उडाला, लंका पेटली, सगळं कॅमेऱ्याच्या करामतीवर. दोन वर्षांनी ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाशी लढली. त्याचा बराच भाग अजून टिकून आहे. तुमच्या सात वर्षांच्या लेकीला आदल्या रात्री दहा मिनिटं दाखवा: तुझ्याएवढी मुलगी, आपल्या गावची, आणि ती हिरो. फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशीच आहे. वेळ मिळाला तर डोकवा, नाही मिळाला तर हरकत नाही. त्याची ओळ तक्त्यात घालू नका.

मिसळ कुठली, यात मी पडणार नाही. सिडकोवाल्याला गंगापूर रोडची मिसळ सांगायची आणि गंगापूर रोडवाल्याला जुन्या नाशकातली, यात माझे दोन वाचक गेले. एवढंच सांगते: पिक्चरच्या दिवशी तर्री बेताने घ्या. पापड, दही, वर जिलेबी, आणि अकराच्या आत घरी. मग झोपा. मी गंमत करत नाही. अकरा ते चार काही नाही. तो मोकळा रकाना तसाच ठेवा. मे महिन्याच्या दुपारी काळारामाच्या फरशीवर अनवाणी पाय भाजून घेण्यात कसलं कौटुंबिक सुख आलंय?

आता हिंदी की इंग्रजी. इथे तुम्ही आईंच्या नावावर मुलाचा बळी देताय. त्याने ट्रेलर शंभर वेळा इंग्रजीत ऐकलाय, त्या नटांचे आवाज त्याच्या कानात आहेत. दोन वर्षं वाट बघून दुसऱ्याच आवाजात तो पिक्चर का बघावा त्याने? तिकिटं इंग्रजीची काढा. आईंसाठी वेगळी सोय करा: आठवडाभर रोज रात्री जेवताना मुलाला पंधरा मिनिटं द्या. आधीच्या भागांत काय झालं, हा कोण, तो कोणाचा मुलगा, याने त्याला का सोडलं, हे त्याने आजीला मराठीत सांगायचं. आजी मध्येच विचारणार, «म्हणजे हा दत्तक गेलेला का?» विचारू द्या. तुम्हीही ऐका, कारण थिएटरमध्ये आजीशेजारी तुम्ही बसणार आहात. कानात कुजबुजून सांगायचं काम तुमचं. त्या अडीच तासांत मुलाला कुणी एक प्रश्नही विचारायचा नाही. त्याला आईच्या पलीकडे, टोकाला बसवा.

शो संध्याकाळचा घ्या. पाच-साडेपाचचा मिळाला तर उत्तम. जेवण पिक्चरच्या नंतर. माझं सगळं पत्र एकीकडे आणि ही एक अदलाबदल एकीकडे.

कारण असं बघा. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते संपलं की मुलाच्या पोटात बोलणं साचलेलं असतं. आवडला असेल तर आणि आवडला नसेल तर दुप्पट. हो, हीही शक्यता धरा. एवढ्या वाट बघण्याला पुरा पडेल असा पिक्चर क्वचित निघतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला ती निराशा कबूल करायला आधी थोडा वेळ आणि समोर कुणीतरी लागतं. सव्वादहाच्या शोनंतर तुम्ही त्याला काय देणार होतात? पार्किंगमधली घाई, मागच्या सीटवर झोपलेली बहीण आणि ‘आता झोपा, उद्या बोलू’. उद्या रविवार, तुमची ड्यूटी. ते बोलणं मग मित्रांकडे जातं, आणि एकदा तिकडे गेलं की घरी परत येत नाही.

म्हणून आठ-साडेआठला बाहेर पडा, पावभाजी किंवा डोसा जे काही असेल ते मागवा आणि त्याला बोलू द्या. तुम्हाला पिक्चर पोरकट वाटला तरी त्या रात्री ते तुमच्यापाशी ठेवा. ‘इतके पैसे घालून शेवटी मारामारीच’ हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल, मला माहीत आहे. पावाच्या घासाबरोबर गिळा. त्याऐवजी सकाळचा भिंतीवरचा प्रश्न काढा: याने त्या खलनायकाला सोडलं ते बरोबर केलं का? पुढचा पाऊण तास तुम्हाला काही करावं लागणार नाही.

बारीकसारीक चार गोष्टी. तिकिटं आगाऊ विक्री सुरू होईल त्या दिवशीच काढा, शनिवार संध्याकाळ राहत नाही. सर्टिफिकेट बघा: २०२४ पासून यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झालेत. १३+ असेल तर सात वर्षांच्या मुलीला अडवत नाहीत, पण आईबापांनी विचार करावा असा तो इशारा आहे. मारामारी फार असेल तर तिच्या आईला विचारून ठरवा. थ्रीडी टाळा. तिच्या नाकावर तो चष्मा टिकणार नाही आणि तुमच्या आईंना स्वतःच्या चष्म्यावर दुसरा चढवावा लागेल. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसं सांगितलंय. पाण्याच्या बाटलीवर उगाच पैसे घालवू नका. आईंना शाल घ्या. बाहेर चाळीस अंश असलं तरी आत हुडहुडी भरते. आणि शुक्रवारी मुलाचा फोन तुमच्याकडे ठेवा, त्याने स्वतःहून दिला तर. मित्रांपैकी कुणीतरी पहिल्या दिवशी बघणार आणि शेवट फोडणार.

राहता राहिलं तुमचं लागलेलं मन. वडिलांनी इंटरव्हलला उठवलं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण तक्त्याच्या पहाटे साडेचारपासून तीच ओळ दिसते. विजयानंद, सर्कल, दामोदर, कुठलं थिएटर होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पिक्चरचं नावही नाही. पुढे कधी त्याचा उत्तरार्ध बघितलात का? नसेल तर शोधून काढा आणि एखाद्या शनिवारी दुपारी आईंच्या शेजारी बसून बघा. मुलांना बोलावू नका. वडिलांनी त्या रात्री घरी आल्यावर काय म्हटलं होतं, ते बहुधा आईंना आठवत असेल. पण हा हिशेब त्या दिवशीचा. येत्या शनिवारी तो मुलाच्या खात्यात मांडू नका.

फ्रिजवरचा कागद काढून ठेवा. फाडू नका, उलट बाजू कोरी आहे. त्यावर मुलाला लिहू द्या: आजीला सांगायची माणसं, क्रमाने.

आणि एक. पिक्चर संपून नावं सुरू झाली की लोक उठतील, दिवे लागतील, झाडूवाला दारात येऊन उभा राहील. या सुपरहिरोवाल्यांना नावांच्या मध्ये आणि अगदी शेवटी एखादा तुकडा दाखवायची खोड आहे. मुलगा हलणार नाही. तुम्हीही घड्याळ बघू नका. शनिवारी तुम्हाला कुठलीच पाळी नाही.

— तुमची मावशी